दुसरी नाली

आर्वी नाक्याजवळ ऑटो थांबला तेव्हा नंदिनीला वाटलं, नेहमीप्रमाणे कोणाची तरी म्हैस आडवी आली असेल. तिने मान बाहेर काढून पाहिलं. नळाच्या पाइपसाठी रस्त्याची कड खोदायचं काम चालू होतं आणि जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर दोन केबली लोंबत होत्या, एक काळी, एक नारिंगी, दोन्हींची टोकं शेवयांसारखी विस्कटलेली. अशा वेळी बघ्यांना कुठून सवड मिळते कोण जाणे, पण चांगली गर्दी जमली होती. समोरच्या बँकेतला एक कारकून डोक्याला हात लावून उभा होता आणि पानठेलेवाल्याला सांगत होता, की आमच्या साहेबांनी मुद्दाम दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. आता दोन्ही ह्याच खड्ड्यात. पानठेलेवाला म्हणाला, दोन बायका केल्या अन् एकाच खोलीत ठेवल्या, मग दुसरं काय होणार. लोक हसले. नंदिनीही हसली, कारण वाक्य तसं तिच्याच धंद्यातलं होतं. आणि हसता हसता थांबली. नागपूरची गाडी पकडायची होती, तिथे एका साखर कारखान्याच्या लोकांशी बैठक होती, पण ती ऑटोतून उतरली, पैसे दिले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या दोन तुटक्या टोकांकडे पाहत राहिली. तिला श्रावणातला एक दिवस आठवत होता, आणि तो आठवू नये असंही वाटत होतं.

तिचं काम कोणाला समजावून सांगायचं तर पंचाईत व्हायची. कारखान्यात यंत्रं एकीकडे असतात आणि ती चालवणारी माणसं दुसरीकडे, काचेच्या खोलीत, पडद्यासमोर. यंत्राची उष्णता, दाब, पातळी हे सगळं केबलीतून पडद्यावर येतं आणि माणसाचा हुकूम त्याच वाटेने परत जातो. ही वाट तुटली तर माणूस आंधळा आणि यंत्र बहिरं. म्हणून वाटा दोन करायच्या, आणि त्या दोन वेगळ्या अंगांनी न्यायच्या, म्हणजे एकीवर संकट आलं तर दुसरीला त्याचा पत्ताही लागू नये. हे असं नंदिनीने एकदा गावी अल्लीपूरला आईला, शकुबाईंना, सांगितलं होतं. शकुबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमी दोन लेकरं काऊन केली, तसंच ना. एकाले एक." नंदिनीला तेव्हा गंमत वाटली होती. नंतर कधीमधी कागदावर एक लाल आणि एक निळी रेघ ओढताना तिला आपण आणि आदेश आठवायचे. ती थोरली, शिकली, वर्ध्याला आली, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. आदेश धाकटा, हुशार म्हणावा तर नाही, मठ्ठ म्हणावा तर तेही नाही. मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बघितलं, कुक्कुटपालन करून बघितलं, आणि प्रत्येक वेळी हसत हसत घरी परत आला. आईची सगळी माया त्याच्यावर आणि सगळा भरवसा नंदिनीवर. हिंगणघाट रोडवरच्या सोयाबीनच्या तेल प्लांटचं काम तिला मिळालं तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली होती, आणि नंदिनीने मालकाकडे शब्द टाकून आदेशला तिथे चिकटवून दिला होता. आता तो शिफ्टमध्ये काचेच्या खोलीत बसायचा. वडील अण्णाजी गावात सांगत फिरायचे, की पोरगा एसीत बसून तेल काढतो.

तिने तिथूनच निकेशला फोन लावला. निकेश केबल टाकणारा कंत्राटदार. बोलायला गोड आणि कामाला झपाट्याचा. तिने विचारलं, तेल प्लांटच्या गोदामाच्या मागून केबलीसाठी जायची ती दुसरी नाली कोणत्या दिवशी खोदली. त्याने आठवून पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी नागपंचमी होती ना. पंचमीले माती कोन खोदते? एकबी मजूर कुदळीले हात लावाले तयार नोयता. पह्यली नाली उघडीच होती, दोन्ही केबली तिच्यातच सोडून देल्या. टेस्ट पाहाले पुन्याचे लोक दुसऱ्या दिवशी येनार होते, तुमीच तर घाई करून राह्यल्या होत्या." तिने विचारलं, मग नाली बुजवली कशी पंचमीला? तो म्हणाला, बुजवणं म्हणजे खोदणं थोडीच आहे. त्याच्या बोलण्यात कुठे खोट नव्हती. आणि टेस्ट तर पास झाली होती, मॅडमनीच घेतली होती, पेढेही मॅडमनीच वाटले होते.

हिंगणघाटच्या एसटीत खिडकीशी बसून ती कपाशीची शेतं मागे जाताना पाहत होती आणि तिला त्या पंचमीचा दिवस जसाच्या तसा दिसत होता, कारण त्या दिवशी ती साइटवर नव्हती, अल्लीपूरला होती. सणाला गेली होती. चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही, तळायचं नाही, चिरायचं नाही. आईने कानोले वाफवले होते आणि तिने खीर ओरपली होती. भेंडी चिरायला घेतली तर आई अंगावर आली होती आणि नंदिनीने हसत विळी बाजूला सारली होती. मानायचं म्हणून नव्हे, पण मोडायचंही नाही, असा तिचा देवाधर्माशी जुना करार होता. अण्णाजींची कुदळ भिंतीला टेकून सुट्टी घेत होती. अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी कोणी मातीला लोखंड लावलं नसेल. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कामाच्या तारखा ठरवताना ती वर्ध्याची इंजिनीअर असायची आणि कानोले खाताना अल्लीपूरची पोर, आणि ह्या दोघींची आपसात गाठ पडत नसे. विळी बाजूला सारताना तिच्या मनात प्लांटचा विचारसुद्धा आला नव्हता. आला असता तर एक फोन पुरला असता: आज नको, उद्या खोदा. तिला स्वतःचा राग आला, निकेशचा आला, मग नागोबाचाही आला, आणि शेवटी खिडकीच्या खडखडणाऱ्या काचेचा आला. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, बाई, बरं वाटत नाही काय. ती म्हणाली, बरं आहे.

प्लांटमध्ये शिरल्या शिरल्या ती आधी गोदामाच्या मागे गेली. तिथे निंबाखालून कंपाउंडच्या भिंतीकडेने पिवळे खुणेचे दगड ओळीने उभे होते, प्रत्येकावर काळ्या रंगात लिहिलेलं, सावधान, खाली केबल आहे. नकाशात होते म्हणून निकेशने ते इमानाने रोवले होते, पंचमी झाल्यावर. ह्याच ओळीने ती पूर्वी चालत गेली होती आणि समाधानाने परत फिरली होती. आता तिने एका दगडाला पायाने ढकललं. तो हललासुद्धा नाही, चांगला सिमेंटमध्ये बसवला होता. खाली नुसती माती.

आणि टेस्ट म्हणाल तर तिने काय केलं होतं? खोलीतल्या पेटीतून एक केबल उपटली, पडद्यावरचे आकडे चालूच राहिले. ती लावली, दुसरी उपटली, तरी चालूच. पुण्याचे लोक टाळ्या वाजवत होते. घरातल्या घरात एकेका पोराला बाजूला करून दुसरा हाक देतो का ते पाहायचं, तसली ती टेस्ट. दोघं एकाच विहिरीच्या काठावर बसलेत, हे त्यातून कसं कळणार? एवढंच असतं तरी तिने रात्री झोप घेतली असती. पण ह्याच्या पुढची गोष्ट होती, आणि ती तिच्याच हातची होती. सोयाबीनचा चुरा पेट्रोलसारख्या एका द्रवात धुऊन तेल काढतात, मग वाफ देऊन तो द्रव उडवतात आणि थंड करून परत वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड; बाहेर पडली तर जमिनीशी साचते, आणि माणसाला कळायच्या आत माणूस आडवा होतो, ठिणगी मिळाली तर सगळंच आडवं होतं. म्हणून ती इमारत अंगणापलीकडे एकटी उभी, तिथे कोणी बसत नाही. सुरुवातीला नंदिनीने बांधून दिलं होतं, की दोन्ही वाटा तुटल्या तर प्लांटने आपला आपण थांबायचं. पण चाचणीच्या दिवसांत प्लांट फालतू कारणांनी थांबायला लागला, आणि थांबला की आतला चुरा घट्ट बसायचा, तो उकरून काढायला माणसं घामाघूम व्हायची. मालक रजत म्हणाला होता, मॅडम, एवढं घाबरट मशीन नको. तिने विचार केला, दोन्ही वाटा एकदम तुटणं जवळजवळ अशक्य. आणि आपोआप थांबायचं काढून टाकून तिथे एक वाक्य लिहिलं: अशा वेळी शिफ्टमधला एक माणूस प्रत्यक्ष जाऊन पाहील आणि गरज वाटल्यास लाल बटन दाबेल. लिहिताना तिला ते वाक्य फार नीटनेटकं वाटलं होतं. दोन वाटा तारेच्या, तिसरी माणसाची. शिफ्टमध्ये त्या खोलीत दोनच माणसं असत, एक तानबा आणि एक आदेश.

रजतने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. बापाच्या सरकीच्या धंद्यातून इथवर आलेला, बोलण्यात आदर, टेबलावर केळझरच्या गणपतीचा फोटो. तो म्हणाला, नाली खोदू ना, जरूर खोदू, पण आत्ता सोयाबीनच्या गाड्या गेटबाहेर लागल्यात, केबल नव्याने ओढायची तर प्लांट बंद ठेवावा लागेल, उन्हाळ्यात करू. मग ती म्हणाली, निदान आपोआप थांबायचं परत चालू करू द्या. तो हसला आणि म्हणाला, मॅडम, तुम्हीच म्हणाल्या होत्या की गरज नाही. मग तो म्हणाला, तुम्ही मेल टाकून ठेवा. तिने तिथेच बसून मेल टाकला, आणि तो गेल्याची खूण उमटली तेव्हा तिला क्षणभर काहीतरी केल्यासारखं वाटलं. ह्या वाटण्याची तिला नंतर फार शरम वाटली.

काचेच्या खोलीत तानबा आणि आदेश डबा खात होते. तानबा पन्नाशीपुढचा, जवळच्या खेड्यातला, बाराही महिने गळ्यात मफलर. नंदिनी आली की खिशातून मूठभर बोरं काढून तिच्यापुढे ठेवायचा आणि पोरीच्या नोकरीचं विचारायचा. पोरगी अंकिता नर्सिंग शिकत होती, वर्ध्यात कुठे लागते का मॅडम. नंदिनी दर वेळी पाहते म्हणायची आणि दर वेळी विसरायची. आजही त्याने विचारलं, आजही ती पाहते म्हणाली. तो बायकोच्या हातच्या पाटवड्या आदेशच्या डब्यात वाढत होता आणि आदेश नको नको म्हणत खात होता. नंदिनी पडद्यासमोर बसली. पासवर्ड तिच्याकडे होता. दोन ओळी बदलायच्या होत्या, की प्लांट परत घाबरट झाला असता, आणि कोणाला कळलंही नसतं, पहिल्यांदा थांबेपर्यंत. पहिल्यांदा थांबला असता तेव्हा मात्र कळलं असतं. मग तिचं काम गेलं असतं, जाऊ दे. पण आदेशचं गेलं असतं, तो पुन्हा हसत हसत घरी आला असता, आणि आई काही बोलली नसती. तिने माउसवर हात ठेवला. आकडे शांतपणे बदलत होते, हिरवे, आज्ञाधारक. मागे तानबा कसल्याशा गोष्टीवर खो खो हसत होता. तिने माउसवरचा हात काढला आणि आदेशला म्हणाली, जरा बाहेर ये.

अंगणात बॉयलरचा आवाज होता, त्यामुळे दबक्या आवाजात बोलायची गरज नव्हती, तरी ती दबक्या आवाजात बोलली. केबलीचं सांगितलं, दगडांचं सांगितलं. आदेशने शांतपणे ऐकलं. तो घाबरला नाही. ती त्याला एखादी वर्ध्याची बातमी सांगत असल्यासारखं तो ऐकत होता. मग ती म्हणाली, "केबली तुटून आकडे करडे झाले, सायरन वाजला, तं तू तिकडं जाचं नाई. आईची आन हाय तुले."

"मंग कोन जाईन?"

आदेशने काचेच्या खोलीकडे पाहिलं. आत तानबा रिकामा डबा धुवायला उठला होता. आदेशने परत बहिणीकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात दोष नव्हता, नुसता प्रश्न होता, लहानपणी गणित विचारायचा तसला. नंदिनीला वाटलं, आता म्हणावं, कोणीच जायचं नाही, दोघांनीही नाही. पण कोणीच गेलं नाही तर प्लांट उडेल आणि त्यात सगळेच जातील, हे तिला त्या दोघांपेक्षा जास्त माहीत होतं. कोणीतरी जायलाच हवं होतं. तिने तसं लिहूनच ठेवलं होतं. ती म्हणाली, "तू नको जाजो. बस." आदेश म्हणाला, "बरं."

त्यानंतरचे दिवस तसे चांगले गेले, आणि हेच तिला सोसवत नव्हतं. ती साखर कारखान्याचे नकाशे करत होती, लाल रेघ आणि निळी रेघ, आणि दर रेघेखाली आता तिला माती दिसायची. कोणी तिच्या घरी चहा प्यायला आलं तरी ती मनात मोजायची, दोघांतला एक नसला तर काय उरतं. आईचा फोन यायचा तेव्हा आई आदेशचंच कौतुक सांगायची, की त्याने नवी सायकल घेतली, की तो आता वेळेवर जेवतो. तिने रजतला दोनदा आठवण केली. त्याने दोन्ही वेळा उन्हाळा म्हटलं. एकदा तिने अंकितासाठी खरोखरच एका दवाखान्यात शब्द टाकला, तानबाने पुन्हा विचारलं नव्हतं तरी. डॉक्टरीण म्हणाली, पाठवा पोरीला. नंदिनीला तेव्हा इतकं हलकं वाटलं, की आपण काहीतरी फेडलं असं वाटलं. आणि काय फेडलं हे मनात स्पष्ट होताच तो हलकेपणा गेला. त्या दिवशी तिने तानबाला फोन करून सांगायचं ठरवलं होतं, नोकरीचंही आणि केबलीचंही. नोकरीचं सांगितलं. तो इतका आनंदला, की पुढचं बोलायला जागाच राहिली नाही.

रजतचा फोन आला तेव्हा ती वर्ध्याच्या बाजारात किराणा घेत होती, भर दुपारी. तो घाईत बोलत होता. बॉयलरच्या लोकांनी राख नेहमीच्या खड्ड्याकडे न नेता अंगणात, केबलीच्या नालीवरच टाकली, हातगाडीचं चाक मोडलं होतं म्हणून. राख आत धुमसत राहिली, आणि खालच्या केबली वितळल्या, दोन्ही. त्याच वेळी थंड करायच्या पाण्याचा पंप बंद पडला होता आणि पडद्यावर ते दिसलं नाही, वाफ बाहेर साचत गेली. "पण मॅडम, तुमच्या सिस्टीमने काम केलं. माणूस गेला, बटन दाबलं, प्लांट थांबला. मोठं काही झालं नाही." मग त्याचा आवाज खाली आला. तो म्हणाला, माणूस दारापर्यंत परत येऊ शकला नाही. तिने विचारलं, कोण. रजत म्हणाला, थांबा, पोलिसांचा कॉल येतोय, आणि फोन कट झाला.

दुकानदार तूरडाळ तोलत होता. नंदिनीने फोनकडे पाहिलं आणि मनात, अगदी शब्दांत, म्हटलं, तानबा असू दे. तिने ते पुटपुटलं नाही, पण ते नकळतही मनात आलं नव्हतं. तिने ते मागितलं, नवसाला मागतात तसं. केळझरच्या गणपतीचं नावही घेतलं. मग परत मागितलं. दुकानदाराने विचारलं, ताई, साखर किती. तिला त्याचे ओठ हलताना दिसले. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यावर आदेशचं नाव आलं. तिला इतका आनंद झाला, की पिशवी दुकानाच्या पायरीवर टाकून तिने फोन उचलला.

"ताई, मी नाई गेलो," आदेश म्हणाला.

"कुठं हायेस? बरा हायेस ना?" तिने विचारलं. तो बरा होता, गेटबाहेर बसला होता. ती म्हणाली, तिथेच थांब, मी येते, आणि मग तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मी तुले नको जाऊ म्हटलं होतं, हे कोनाले सांगू नको."

"सांगतलं."

"कोनाले?"

"तानबालेच. सायरन वाजला तसा तो उठला, म्हने चल. मी म्हटलं, मले ताईनं आईची आन घातली, तिथं जाचं नाई म्हने. त्यानं इचारलं, मॅडमनं म्हटलं? मी म्हटलं, हो." पलीकडे कोणी बाई रडत होती, कदाचित तानबाची बायको पोचली असेल. "मंग त्यानं चपला काढून बूट घातले. म्हने, मॅडमले मालूम असन तिथं काय हाय ते. तू राय, मी पाहून येतो."

नंदिनीने फोन कानाला तसाच धरून ठेवला.